गेलेल्या माणसाच्या कपड्यांची गोधडी: कशी शिवावी, कुठे थांबावं

माणूस गेल्यावर त्याच्या कपड्यांचं काय करायचं, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारत नाही. मग तेराव्याच्या आसपास कोणीतरी घाईने गाठोडं बांधून देऊन टाकतं आणि नंतर हळहळ होते. नाही तर ते कपाट वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. या दोन्हींच्या मधली वाट आपल्याकडे जुनी आहे: आजीच्या लुगड्याचं दुपटं, आईच्या साड्यांची गोधडी किंवा वाकळ. बायका ती कापड वाया जाऊ नये म्हणून शिवत आल्या. पण त्या कामात दुःखाला आपोआप जागा मिळत असे. हातात त्या माणसाचं कापड, रोज थोडा वेळ, आणि सोबत बसलेली एखादी शेजारीण.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या मिसूरी पेटवे यांनी नवरा गेल्यावर 1942 मध्ये त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली निजता यावं म्हणून आईने ती केली, असं त्यांच्या मुलीने पुढे सांगितलं. कापड विटलेलं, झिजलेलं, आणि तेच त्या गोधडीचं मोल आहे.

इथे दिली आहे ती 90 × 120 सेंटिमीटरची, मांडीवर किंवा खांद्यावर घेण्याजोगी गोधडी. पूर्ण पलंगाची पहिल्यांदाच करायला घेऊ नका. ती चार-सहा महिने चालते आणि शोकातल्या माणसाला अर्धवट पडलेलं मोठं काम ओझं वाटू लागतं.

कापण्याआधी

पहिले काही आठवडे कात्री बाहेर काढू नका. कापलेलं कापड पुन्हा जुळत नाही, आणि त्या दिवसांत घेतलेले निर्णय पुढे टोचतात. एवढ्यात फक्त वेगळं करा: कापायचे, अख्खे ठेवायचे, देऊन टाकायचे, आणि जे ठरत नाहीत ते. चौथा ढीग सगळ्यात मोठा होतो, तसाच होऊ द्या. जुन्या चादरीत गाठोडं बांधा, वर तारीख लिहा आणि सहा महिन्यांनी उघडा.

घरातल्या बाकीच्यांना विचारा, आणि विचारताना "गोधडी करतेय" एवढ्यावर थांबू नका. "ही साडी कापणार आहे" असं स्पष्ट सांगा. कपड्यांचे फोटो काढून बहीणभावंडांना पाठवा आणि पंधरा दिवस थांबा. एकीला त्याच साडीचा पदर हवा असतो, दुसऱ्याला तोच शर्ट. न विचारता कापलेल्या एका साडीवरून बहिणींचं बोलणं बंद होऊ शकतं. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत असं कोणी मानत असेल तर त्यांच्याशी वाद घालू नका. अशा घरात गोधडी न करता, त्यांच्या नजरेत सतत येणार नाही असा छोटा अभ्रा केलेला बरा.

वास हा सगळ्यात नाजूक भाग आहे. गोधडीचं कापड धुवावंच लागतं, आणि धुतल्यावर माणसाचा वास जातो तो कायमचा. म्हणून एक कपडा, शक्यतो रोज वापरातली बंडी, रुमाल किंवा गळपट्टा, न धुता घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा हवाबंद पिशवीत ठेवा. तो पूर्ण कोरडा असू द्या, नाही तर बुरशी धरते. डांबराच्या गोळ्या त्याच्याजवळ नकोत, महिनाभरात त्यांचाच वास उरतो.

ज्या दिवशी अपघात झाला किंवा आत्महत्या झाली त्या दिवशी अंगावर असलेले कपडे गोधडीत घेऊ नका. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांचेही शक्यतो टाळा. गोधडी अंगावर घेतल्यावर तो माणूस आठवावा, तो दिवस नव्हे.

कोणतं कापड चालतं

जुनं सुती कापड सगळ्यात चांगलं: धुऊन मऊ झालेल्या साड्या, लुगडी, धोतरं, सुती शर्ट, परकर, ब्लाउज. तुकडा उजेडासमोर धरा, मग दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून जरा ओढा. विण उसवली किंवा चर्र आवाज आला तर तो तुकडा एकटा टिकणार नाही. त्याच्या खाली मलमलचा तुकडा लावून दोन्ही मिळून एक समजा.

रेशमाची घडी जुनी झाली की रेशीम तिथेच तुटतं, म्हणून पैठणीचा तुकडा घडीची रेघ टाळून काढा. जरीचं कापड गालाला टोचतं, त्याला काठाजवळ जागा द्या. टेरिकॉट आणि पॉलिएस्टर सुईखाली घसरतं आणि गरम इस्त्रीने आक्रसतं. फार जवळचा कपडा असेल तर एखाद-दोन तुकडे घ्या, जास्त नको. बनियन, टी-शर्ट, स्वेटर ताणले जातात. त्यांच्या मागे शिंप्याकडे मिळणारं पेस्टिंग इस्त्रीने चिकटवा आणि मगच कापा.

इरकल, खण आणि गडद छापाच्या कापडांचा रंग जातो. ओला पांढरा रुमाल त्यावर ठेवून वरून इस्त्री फिरवा. रुमालावर रंग उतरला तर ते कापड वेगळं धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. चार-पाच धुण्यांनंतरही रंग सुटत असेल तर ते गोधडीत नको, शेजारचा पांढरा शर्ट खराब होईल. नवीन कापड वापरणार असाल तर आधी भिजवून वाळवा. नवं आटतं, जुनं आटत नाही, आणि पहिल्याच धुण्यात सुरकुत्या पडतात.

डाग दिसला की लगेच घासायला घेऊ नका. बाहीवरचा शाईचा ठिपका, पदरावरची हळद, खिशाच्या कडेला पडलेला तपकिरीचा पिवळटपणा, यातलं काय ठेवायचं ते आधी ठरवा.

सामान

थरांसाठी एक सुती सहावारी साडी, साधारण साडेपाच मीटर. ती त्याच माणसाची असायला हवी असं नाही. वरच्या तुकड्यांसाठी पाच-सहा कपडे पुरतात. एका पुरुषी शर्टातून वीतभर लांबीचे दहा-पंधरा तुकडे सहज निघतात.

दोरा सुती घ्या, साधारण 100 मीटर. भरतकामाची लड 8 मीटरची असते आणि तिचे सहा पदर असतात. तीन-तीन पदर वेगळे केले की एका लडीचे 16 मीटर होतात, म्हणजे सात लडी पुरे. शिलाई मशीनचा दोरा बारीक असतो आणि जाड थरांतून ओढताना तुटतो. सुई 5 सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि मोठ्या नेढ्याची हवी. दाभण वापरू नका, त्याची भोकं बुजत नाहीत आणि जुनं कापड तिथून फाटतं. अंगुस्तान, टाचण्या, खडू आणि धारदार कात्री एवढं झालं की सामान पूर्ण.

पहिला काप

सगळ्यात प्रिय कपड्याने सुरुवात करू नका. परकर, पायजमा, साधा सदरा असं काहीतरी घ्या. कापण्याआधी कपडा पसरून त्याचा फोटो काढा. मग शिवणी उसवा: बाही, कॉलर, बाजूच्या शिवणी. उसवणं कापण्याइतकं जिव्हारी लागत नाही, कारण कपडा जसा शिवला गेला तसाच सुटत जातो. बरेच जण इथे पहिल्यांदा रडतात. कापड बाजूला ठेवा, रडा, काम उद्या.

ज्यांचं त्या माणसाशी नातं सरळ नव्हतं, ज्यांना राग आहे, त्यांनी कात्री न घेता कापड फाडलं तरी चालतं. कडेला एक इंचाचा काप द्या आणि दोन्ही हातांनी ओढा. सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, आवाजही मोठा होतो. त्या पट्ट्या गोधडीत तशाच बसतात. पूर्ण गोधडी करावीच असं नाही, हातभर चौकोनही पुरे. तो अंगावर न घेता घडी घालून ठेवला तरी चालतं.

तुकडे मोजून चौकोनी कापण्याची पद्धत पुस्तकांत असते, पण आम्ही ती इथे सुचवत नाही. चौकोन जुळवायला नेम लागतो, दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की कोपरे चुकतात, आणि आधीच खचलेल्या माणसाला "आपल्याला हेही जमत नाही" असं वाटायला लागतं. जुन्या पद्धतीत तुकडा जसा निघेल तसा ठेवतात, कडा सेंटिमीटरभर आत दुमडतात आणि एकावर एक चढवतात. वाकडं बसलेलं त्यात चूक ठरत नाही. शिवाय शर्टाचा खिसा आहे तसा, उघडा ठेवता येतो. त्यात चिठ्ठी ठेवायची असते लोकांना.

थर लावणं

साडीतून पाठीचा तुकडा 100 × 130 सेंटिमीटर आणि आतले तीन थर 90 × 120 चे कापा. यात साडीची 4.9 मीटर लांबी जाते आणि पदराकडचं साधारण 60 सेंटिमीटर वरच्या तुकड्यांसाठी उरतं. काठ आतल्या थरात ठेवू नका, जाड विणीत सुई अडते. तो वर दिसायला लावा. तुकड्यांसह एकूण पाच थर होतात. याहून जाड केलं तर सुई आरपार जात नाही आणि मनगट दुखायला लागतं.

पाठीचं कापड उलटी बाजू वर करून फरशीवर पसरा, कडा चिकटपट्टीने ताणून लावा. त्यावर मधोमध तिन्ही थर, प्रत्येकाच्या सुरकुत्या हाताने मधून बाहेर सारत. सगळ्यात वर तुकडे मांडा. मांडून झालं की फोटो काढा आणि शक्य असेल तर दोन दिवस तसंच राहू द्या. येता-जाता तुकडे हलवावेसे वाटतात. आईच्या साडीशेजारी बाबांचा सदरा हवा, की मधे अंतर हवं, हे विचार करून सुचत नाही, बघत राहिल्यावर कळतं. मुलं घरात असतील तर तुकड्यांच्या जागा त्यांना ठरवू द्या. त्यांच्याशी बोलताना "आजोबा झोपलेत" म्हणू नका, गेले म्हणा.

मग कच्चे टाके. वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, मध्यापासून कडेकडे, 15 सेंटिमीटरच्या अंतरावर उभे-आडवे, टाका तीन-चार सेंटिमीटरचा. कंटाळवाणं काम आहे, पण गोधडी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच टाळाटाळ केल्याने. शेवटी पाठीचं जास्तीचं 5 सेंटिमीटर कापड अडीच-अडीच करून दोनदा वर दुमडा आणि कच्चं करा. हीच किनार.

दोरा घालणं

दोरा 60 सेंटिमीटरपेक्षा लांब घेऊ नका, पीळ पडून गाठी होतात. पडलाच तर सुई सोडून लोंबू द्या, पीळ आपोआप उलगडतो. गाठ थरांच्या आत लपवा. उजव्या खालच्या कोपऱ्यापासून किनारीवर धावदोऱ्याची पहिली फेरी घाला. टाका अर्ध्या सेंटिमीटरचा, मागे-पुढे सारखा. चारही बाजू झाल्या की अंगठ्याच्या रुंदीएवढं, म्हणजे दोन सेंटिमीटर, आत सरकून दुसरी फेरी. अशा साधारण 22 फेऱ्या होतात आणि मधोमध 30 सेंटिमीटरची एक रेघ उरते. एकूण शिवण 50 मीटरच्या घरात जाते. नवशिक्या हाताने 45 मिनिटांत दीड-दोन मीटर होतं, म्हणजे 25 ते 35 बैठका.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायकाही त्यांची कवंद, म्हणजे गोधडी, अशीच कडेकडून आत शिवतात, आणि चारही कोपऱ्यांवर घडीचे त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांना ते फुलं म्हणतात. फुलांशिवायची कवंद त्यांना उघडी वाटते. कोपऱ्यांसाठी काय ठेवायचं असा प्रश्न पडला तर सगळ्यात आवडतं कापड तिथे घ्या.

कडेकडून आत शिवण्याचा एक गुण शोकात फार उपयोगी पडतो. पहिली फेरी चार मीटरची, ती दोन-तीन दिवस खाते आणि काम संपणारच नाही असं वाटतं. पुढे प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा लहान होते. शेवटच्या फेऱ्या एका बैठकीत दोन-दोन होतात.

45 मिनिटं हा आकडा उगाच धरलेला नाही. फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 39 प्रौढांनी 45 मिनिटं चित्र, माती, कोलाज असं काम केलं. सुमारे 75 टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं. आधी कला येत होती की नाही याने फरक पडला नाही. बाकीच्यांचं मात्र कमी झालं नाही, आणि तो अभ्यास शोकातल्या लोकांचा नव्हता. तेव्हा शिवताना बरं वाटत नसेल तर तुमचं काही चुकत नाहीये. गजर लावून बसा आणि वाजला की थांबा. शक्यतो दिवसा, उजेडात, घरात कोणीतरी असताना. रात्री एक वाजता एकटीने बसलं की हात शिवत राहतो आणि मन खोल जात राहतं. वर्षश्राद्धाच्या किंवा वाढदिवसाच्या दिवशी सुरुवात करू नका.

उठतानाही ठरलेल्या पद्धतीने उठा: दोरा पक्का करा, सुई टाचण्यांच्या छोट्या गादीत (पिनकुशनमध्ये) टोचा, कापड घडी घालून पिशवीत, हात धुवा, चहा. पसारा उघडा ठेवला तर दुःखही दिवसभर खोलीत पसरलेलं राहतं.

शिवताना रडू आलं तर येऊ द्या. श्वास अडकायला लागला, हात थरथरायला लागले, किंवा आपण कुठे आहोत हेच कळेनासं झालं तर सुई ठेवा. पाय जमिनीला टेकवा, गार पाणी तोंडावर मारा, समोरच्या दोऱ्यांचे रंग मोठ्याने म्हणा. असं दोन-तीन बैठकांत सलग झालं तर काम महिनाभर बाजूला ठेवा.

काय बिघडतं

पोट फुगतं. मध्याजवळ पोचल्यावर कापडाचा फुगा येतो, कारण कडेकडून शिवताना ढिलं कापड आत सरकत जातं आणि कच्चे टाके लांब असतील तर ते अडत नाही. थोडा फुगा असेल तर त्याची छोटी चुण घाला, दाबून बसवा आणि वर एक तुकडा लावा. जुन्या गोधड्यांत मधेच दिसणारे काही तुकडे असेच आलेले असतात. फुगा मोठा असेल तर शेवटच्या तीन-चार फेऱ्या उसवा.

कापड चुरमडतं. दोरा ओढून घट्ट केला की असं होतं. फेरीत हात हात अंतरावर तळवा फिरवून बघा, सुरकुती लागली तर तिथला दोरा सैल करा. रागात किंवा घाईत शिवलेला भाग उलट्या बाजूने लगेच ओळखू येतो. तिथले टाके लहान आणि खोल रुतलेले असतात. ते उसवायचे की ठेवायचे, तुमचं तुम्ही ठरवा. बरेच जण ठेवतात.

पाठीवर टाके सुटतात, कारण सुई तिरकी जाते आणि शेवटचा थर पकडत नाही. प्रत्येक दोरा संपला की गोधडी उलटून पाहा. दहा फेऱ्यांनंतर कळलं तर जीव जातो. आणि सुईची संख्या रोज मोजा. थरांत राहिलेली एक सुई वर्षभराने अंगात घुसते. लहान बाळासाठी करत असाल तर बटणं काढून टाका.

काम मधल्या रेघेपाशी अडणं, हेही खूपदा होतं. 22 फेऱ्या झालेल्या असतात आणि उरलेलं 30 सेंटिमीटर महिनोन्महिने शिवलं जात नाही. ती रेघ संपली की निरोप पक्का झाला असं वाटतं. घाई करू नका, गोधडी तशीही वापरता येते, तेवढा भाग न शिवल्याने उसवत नाही. संपवायची असेल तर त्या दिवशी कोणाला तरी सोबत बोलवा आणि निम्मे टाके त्यांना घालू द्या.

गोधडी पुरेशी नसते तेव्हा

माणूस जाऊन सहा महिने होऊन गेले आणि तरी झोप, जेवण, नोकरी, मुलं यातलं काहीच सांभाळता येत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, गोधडीसोबतच. जगू नये असं वाटत असेल तर सहा महिने थांबायचं नाही. घरातल्या एकाला आजच सांगा, कात्री आणि औषधं त्यांच्याकडे द्या, आणि टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

धुणं आणि जपणं

पाठीच्या एका कोपऱ्यात सुती फितीचा तुकडा लावा आणि त्यावर नाव, साल, कोणाचे कपडे, कोणी शिवली हे भरतकामाने किंवा न धुतल्या जाणाऱ्या शाईने लिहा. तुकड्यांचा फोटो छापून घ्या आणि कोणता तुकडा कशाचा हे त्यावर लिहून ठेवा. वीस वर्षांनी हे सांगणारं घरात कोणी नसेल.

वर्षातून एक-दोनदा धुतलं तरी पुरे, एरवी उन्हात उलटीकडून तासभर टाका. धुताना टबात गार पाणी, सौम्य साबण, दहा मिनिटं भिजवून हाताने दाबायचं. ब्रश आणि पिळणं नको, टाके तुटतात. ओली गोधडी खूप जड होते. एका दोरीवर टाकली तर मधून लोंबते आणि थर सरकतात, म्हणून दोन दोऱ्यांवर आडवी पसरा किंवा खाटेवर घाला. दुपारी एकदा उलटा. आतले थर ओले राहिले तर कुबट वास येतो, तेव्हा हात आत दाबून बघून मगच घडी घाला.